फियाट आणि अठराचं अ‍ॅव्हरेज

आमच्या घरात एक आकडा आहे. अठरा. "आबांची फियाट अठरा द्यायची." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. लग्नाच्या पंगतीत, सत्यनारायणाला, पेट्रोल महागलं की, आणि कुणी नवी गाडी घेऊन पेढे द्यायला आलं की तर हमखास. लिटरला अठरा किलोमीटर, आणि तेही पद्मिनीनं! ज्यांनी स्वतः फियाट चालवलीय त्यांना हे सांगितलं की ते हसून विषय बदलतात.

आबा म्हणजे माझे आजोबा. रत्नागिरीत डॉक्टर होते. दवाखाना गावात आणि आठवड्यातून तीन दिवस पालीला फेरी. गाडी १९७५ची प्रीमियर पद्मिनी. आबा गेल्यावर ती बरीच वर्षं शेडमध्ये झाकून होती. मी पुण्याची नोकरी घरूनच करायला लागल्यावर तीन वर्षांपूर्वी ती बाहेर काढली आणि तेव्हापासून रोज चालवतोय. नाचणे ते मिरजोळे एमआयडीसी, मधे मारुती मंदिरला भाजी, आणि रविवारी कुठेतरी लांब. हौस म्हणून नाही, घरात दुसरी चारचाकी नाही म्हणून. (बरं, हौस म्हणूनसुद्धा.)

पहिल्या महिन्यात टाकी फुल टू फुल करून हिशेब केला तर आकडा आला ९.८. नऊ पूर्णांक आठ! बाबांनी आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुला चालवता येत नाही," म्हणाले. "आबांच्या हातात अठरा द्यायची."

झालं. सॉफ्टवेअरवाल्याला कुणी 'माझ्या मशीनवर चालत होतं' असं म्हटलं की तो काय करतो? जुने लॉग काढतो. आणि आमच्या नशिबानं लॉग होते. औषध कंपन्या डॉक्टरांना दरवर्षी ज्या डायऱ्या देतात, त्यांत आबांनी १९७५ ते १९९१ पर्यंत पेट्रोलची प्रत्येक नोंद ठेवलीय. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये आणि शेवटी एक शेरा. दोन पावसाळी शनिवार-रविवार घालवून मी ते सगळं स्प्रेडशीटमध्ये चढवलं. त्यातून जे निघालं ते सांगायलाच आज बसलोय. पण त्याआधी गाडीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय आकडे कळणार नाहीत.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद यांची कंपनी. सोलापूरचा हा माणूस, जहाजं, विमानं, साखर, मोटारी, सगळ्यात हात घातलेला. बंगलोरचा विमानांचा कारखाना मूळचा त्यांचाच. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात. मग १९५०च्या सुमारास इटलीच्या फियाटशी करार झाला, आणि काही वर्षांत फियाट ११०० आली. १९६४ साली 'डिलाइट' आली, जिला पुढे आपण सगळे फियाट म्हणूनच ओळखत राहिलो. फियाटबरोबरचा करार संपल्यावर १९७३ साली तिचं नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' झालं आणि १९७४ साली 'प्रीमियर पद्मिनी'. गाडी तीच, पाटी नवी. आपल्या क्षेत्रात याला रीब्रँडिंग म्हणतात.

आता इंजिन बघा. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. हेच बोअर-स्ट्रोक असलेलं इंजिन फियाटनं १९३७ साली '५०८ सी' या गाडीत घातलं होतं. म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी आखलेलं इंजिन सुधारत सुधारत कुर्ल्यात विसावं शतक संपेपर्यंत बनत होतं. इटलीत फियाटनं १९६९ साली ११०० बंद करून पुढच्या चाकांवर चालणारी '१२८' आणली. आपण त्यानंतर पाच वर्षांनी जुनीचं बारसं केलं.

यात कंपनीलाच शिव्या घालण्यात अर्थ नाही. तो परमिटचा जमाना होता. किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवणार, किंमतही सरकार ठरवणार. किमतीचा तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. जो माल बनण्याआधीच विकला गेलाय तो सुधारायचा कशाला? (हे वाक्य वाचून काही प्रॉडक्ट मॅनेजर आठवले, असो.) १९८५ साली त्याच कंपनीनं ११८ एनई काढली आणि तिला निसानचं इंजिन दिलं, पण पद्मिनीच्या बॉनेटखाली तेच जुनं दुखणं राहिलं. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पद्मिनीपेक्षा जवळपास पाव टनानं हलकी. तिच्यापुढे पद्मिनीचं ८९५ किलो वजन म्हणजे लग्नातल्या ताटातला पाटच.

आता पेट्रोलचं. १९७३च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झालं, अरब देशांनी तेल आवळलं आणि काही महिन्यांत कच्चं तेल पिंपाला तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेलं. इकडे नोव्हेंबर १९७३मध्ये अटलबिहारी वाजपेयी पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले, तो फोटो आजही फिरतो. पुढच्याच वर्षी मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात बॉम्बे हायला तेल लागलं, १९७६ साली ते यायलाही लागलं, पण भाव काही खाली आले नाहीत. मग १९७९, इराणची क्रांती आणि दुसरा भडका.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. १९७३च्या धक्क्यानंतर अमेरिकेनं डिसेंबर १९७५मध्ये कायदा केला की मोटार कंपन्यांनी आपल्या सगळ्या गाड्यांचं सरासरी अ‍ॅव्हरेज ठरावीक आकड्यापर्यंत नेलंच पाहिजे. म्हणजे जबाबदारी बनवणाऱ्यावर. आपल्याकडे मोटारींना असा नियम लागू झाला तो एप्रिल २०१७मध्ये. मधली बेचाळीस वर्षं बचतीची जबाबदारी चालवणाऱ्यावर होती. १९७८ साली सरकारनं पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना, म्हणजे पीसीआरए, काढली. तिचा सल्ला आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ताशी ४५ ते ५५ वेगानं चालवा, सिग्नलला इंजिन बंद करा, टायरमधली हवा तपासा. सल्ला बरोबरच होता, आजही आहे. पण गाडी १९३७च्या इंजिनाची आणि काटकसर करायची ती आबांनी!

काटकसरीची आपली परंपरा तशी जुनी आहे म्हणा. महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग होतं तेव्हा आपल्याकडे बसगाड्या कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागे शेगडीसारखी टाकी, त्यात कोळसा अर्धवट जाळायचा, निघालेला वायू इंजिनाला. ताकद इतकी कमी की घाटात उतारूंनी खाली उतरून ढकलायचं. तिकीट काढून ढकलायचं, हे विशेष.

फियाटवाल्यांच्या काटकसरीचे प्रकार मला इथल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी सांगितले. पहिला प्रकार जेटचा. सोलेक्स कार्ब्युरेटरमध्ये पितळेची एक बारीक भोकाची बोंडी असते, तिला मेन जेट म्हणतात. पेट्रोल किती जाणार ते तिचं भोक ठरवतं. तर लोक त्या भोकात तांब्याच्या वायरीतली एक तार घालायचे, किंवा भोक डाग देऊन बुजवून पुन्हा बारीक पाडून घ्यायचे. अ‍ॅव्हरेज दोन आठवडे वाढायचं. मग इंजिन तापायचं, चढाला गाडी मारायची, आणि वर्षभरात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळून हेड उघडायला लागायचं. त्याचं कारण साधं आहे. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात. थोडी हवा जास्त दिली तर बचत होते, खूप जास्त दिली तर मिश्रण सावकाश जळतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तरी ज्वाळा चालूच असते. "दहा रुपये वाचवायचे आणि पाचशे घालवायचे," मेस्त्री म्हणाले, "पण आमचा धंदा चालायचा!"

दुसरा प्रकार न्यूट्रलचा. उतार आला की गाडी न्यूट्रल, किल्ली बंद, आणि सोडून द्यायची. कोकणात उताराला काय तोटा? रत्नागिरीतून हातखंब्याला जाईपर्यंतच किती चढउतार येतात ते रोज जाणाऱ्याला विचारा. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा मार्ग वेगळा होता. नव्वदच्या दशकात अनेकांनी डिझेल इंजिनं बसवली, मग धुरावरून कोर्टकचेरी झाली आणि २००१ साली उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्स्या सीएनजीवर गेल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवला नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी संपली. रत्नागिरीला सीएनजी आला तो अगदी अलीकडे. आबांच्या काळात इथे एकच इंधन होतं, पेट्रोल, आणि एकच फुकटचं इंधन, उतार.

तर आता डायऱ्या.

सगळ्यात आधी मी अठरा शोधला. सोळा वर्षांच्या नोंदींत अठरा एकदाही नाही! सगळ्यात मोठा आकडा १७.६, जानेवारी १९७७, कोल्हापूर ते रत्नागिरी. त्याच्या आदल्या नोंदीत जातानाचा आकडा १२.१. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे आणि रत्नागिरी समुद्रावर. माणसं-सामानासकट अकरा-बाराशे किलोची गाडी साडेपाचशे मीटर वर उचलायला, इंजिनाची कार्यक्षमता वीस टक्के धरली, तर जवळजवळ एक लिटर पेट्रोल जादा जातं. येताना त्यातलं बरंचसं परत मिळतं. जाऊन-येऊन हिशेब केला तर १४.३ येतं. म्हणजे घरातला अठरा हा उतरतानाचा आकडा, तोही वर ढकललेला. जातानाचा बारा कुणी लक्षात ठेवला नाही. मी बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या एक्सेलमध्ये चूक असेल."

पण खरी गंमत ग्राफ काढल्यावर दिसली. गाडी जुनी होत जाते तसं अ‍ॅव्हरेज हळूहळू उतरायला हवं, तिरकी रेघ. तसं नव्हतं. १९७५पासून १९७९च्या ऑगस्टपर्यंत सरासरी १३.६, आणि तिथून पुढे १२.३. मधे एकदम पायरी. तिरकी रेघ म्हणजे झीज, पायरी म्हणजे कुणीतरी काहीतरी बदललंय. आपल्या भाषेत, बग कुठल्या बिल्डमध्ये शिरला ते सापडलं, आता त्या दिवशी काय झालं ते शोधायचं.

आधी वाटलं पेट्रोल बदललं असेल, ७९चा तुटवडा वगैरे. पण भेसळ असती तर आकडे वरखाली उडायला हवे होते. मग वाटलं किलोमीटरचा काटा बिघडला असेल. तर आबांनी रस्त्यालगतच्या किलोमीटरच्या दगडांशी काटा दोनदा ताडून बघितलाय, १९७८ आणि १९८० साली, दोन्ही वेळेला '१०० ला ९७' असा शेरा. (सोळा वर्षांत आबांनी एवढी शिस्त ठेवली, आणि मी तीन महिन्यांत दोन बिलं हरवली.) मग शेऱ्याच्या रकान्याकडे लक्ष गेलं. १९७५पासून जवळजवळ प्रत्येक नोंदीपुढे बारीक अक्षरात 'न्यू.' असं लिहिलेलं होतं. मी ते 'न्यू' म्हणजे नवीन पेट्रोल असं काहीतरी समजून सोडून दिलं होतं. ऑगस्ट १९७९नंतर 'न्यू.' एकदाही नाही. त्या महिन्यात एकच विचित्र नोंद, सांगलीहून येतानाची. शेरा: 'आंबा. ड्रम. मडगार्ड.'

बाबांना विचारलं. त्यांना काहीच माहीत नाही. मग आत्याला फोन केला, ती दादरला असते. "आंबा, ड्रम," म्हटलं, तर ती फोनवर गप्पच झाली. मग म्हणाली, "हे तुला कुठे मिळालं?"

तर झालं होतं असं. त्या ऑगस्टात बाबांना सांगलीला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. वालचंद कॉलेज. (हो, तेच वालचंद!) आबा, आजी, आत्या आणि काका, सगळे बाबांना हॉस्टेलवर सोडायला फियाटनं गेले. येताना कोल्हापूर, मलकापूर करत आंबा घाट. दुपार, धुकं, पाऊस. आबांनी नेहमीप्रमाणे घाटमाथ्यावर गाडी न्यूट्रल करून किल्ली फिरवली. आत्या तेव्हा तेरा वर्षांची, मागच्या सीटवर. "इंजिन बंद झालं की आम्हाला मज्जा वाटायची," ती म्हणाली, "नुसता वाऱ्याचा आवाज." अर्धा घाट उतरल्यावर जळका वास यायला लागला. मग आबा पेडल दाबतायत ते नुसतं आत जातंय, पुन्हा दाबतायत, पुन्हा आत. आबांनी हँडब्रेक ओढला, स्टिअरिंगजवळचा गिअर खणकन तिसऱ्यात टाकला, मग दुसऱ्यात, आणि पुढच्या वळणाच्या आधी गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. डावं मडगार्ड चेपलं, कुणाला काही झालं नाही. उजव्या बाजूला दरी होती.

आजी उतरून पावसात दगडावर बसली आणि म्हणाली, मी एस.टी.नं जाते. आणि खरंच, हात दाखवून एस.टी. थांबवली आणि दोन्ही मुलांना घेऊन साखरप्याला गेली. आबा गाडीजवळ बसून राहिले. ड्रम गार झाल्यावर ब्रेक पुन्हा लागायला लागले, आणि दुसऱ्या गिअरमध्ये रांगत रांगत ते साखरप्याला आले. बाबांना यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं. "दादा पहिल्याच आठवड्यात सगळं टाकून परत आला असता," आत्या म्हणाली. मग ते सांगायचं राहूनच गेलं.

यातलं यंत्र समजून घेण्यासारखं आहे, कारण आजही लोक हेच करतात. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. गाडी घाटातून चारेकशे मीटर खाली आणायची म्हणजे जेवढी ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते, तिच्यात पंधरा लिटर गार पाणी उकळेल. गाडी गिअरमध्ये असली तर यातला मोठा वाटा इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये, हवेनं अडवलं तेवढं सोडलं, तर सगळं ब्रेकवर. ड्रम तापून फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. लायनर तापलं की त्याची पकड जाते. आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, कोकणात तर जास्तच, ते पाणी उकळून वाफ झाली की पेडल आत जातं. तीनही गोष्टी एकाच वेळेला होतात, आणि नेमक्या घाटाच्या खालच्या अर्ध्यात.

आणि एवढं करून वाचतं किती? हा हिशेब मी केला. जागेवर सुरू असलेलं असं इंजिन तासाला अंदाजे पाऊण लिटर खातं. घाट उतरायला दहा मिनिटं धरली तर फार तर सव्वाशे मिली. एक चहाचा कप! कारण उभ्या उतारावर तुम्ही जे कमावता ते ब्रेक दाबून लगेच उधळता. खरी बचत होते ती सौम्य, लांबलचक उतारांवर, जिथे ब्रेक लागतच नाही, हातखंबा-पालीसारख्या रस्त्यावर. आबांचा तो दहा टक्क्यांचा फरक तिथून आला असणार. त्यांनी आंबा घाटानंतर नुसता घाट नाही, सगळंच सोडलं. १३.६चे १२.३ झाले आणि ते बारा वर्षं गप्प बारा पॉइंट तीन लिहीत राहिले. दुसरा तेलाचा भडका, भाव वाढतायत, महिन्याला आठ-दहा लिटर जादा जातंय, आणि हा माणूस एकदाही मागे गेला नाही.

(आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत तर न्यूट्रल करणं शुद्ध तोटा आहे. गिअरमध्ये पाय सोडला की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला द्यावंच लागतं. कार्ब्युरेटरला ही अक्कल नाही, तो दोन्हीकडे थोडं थोडं पाजतच राहतो.)

मग माझे ९.८ कुठून आले? त्याचं उत्तर कंटाळवाणं आहे. पहिलं कारण ब्रेकच. खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभी राहिल्यामुळे मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर गंजून अडकला होता, म्हणजे मी तीन महिने अर्धवट ब्रेक लावून गाडी चालवत होतो. दहा किलोमीटर गेल्यावर चारही चाकांना हात लावून बघा, एक जास्त गरम लागलं की समजा. तेवढ्यानं लिटरमागे दीड किलोमीटर वाढले. दुसरं, पॉइंटची गॅप आणि टायमिंग. त्या काळच्या पेट्रोलचा ऑक्टेन आजच्यापेक्षा बराच कमी होता, ठोके पडू नयेत म्हणून टायमिंग मागे ठेवलेलं. मेस्त्रींनी ते कानानं ऐकत थोडं पुढे घेतलं. तिसरं, चोक. रत्नागिरीत सकाळी चोक एक मिनिट पुरतो, मी तो मारुती मंदिरपर्यंत ओढून ठेवत होतो. शिवाय सहा किलोमीटरचा प्रवास, इंजिन गरम होतंय तोवर ऑफिस. त्याला इलाज नाही. मग टायर रेडियल, वेग पन्नास-पंचावन्न. (पीसीआरए, मानलं बुवा.) वर्षभरात १२.९ला आलो. आबांच्या नंतरच्या आकड्यापेक्षा थोडा वर, पहिल्यापेक्षा खाली, आणि एकदाही न्यूट्रल न करता.

त्यावर विरजण पडलं ते इथेनॉलनं. २०२२च्या जूनमध्ये देशात सरासरी दहा टक्के मिश्रण झालं, फेब्रुवारी २०२३मध्ये वीस टक्क्यांचं पेट्रोल आलं आणि २०२५पर्यंत तेच सर्वत्र झालं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या धाटणीच्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल. माझं १२.९चं १२.१ झालं, पुस्तकात लिहिल्याबरहुकूम. पण कार्ब्युरेटरवाल्याचं दुखणं त्याहून वेगळं आहे. वीस टक्के मिश्रणाला हवा साडेतेरा भागच पुरते, आणि जेटला हे कोण सांगणार? तो पूर्वीइतकंच पेट्रोल सोडतो, म्हणजे मिश्रण आपोआप पातळ होतं. प्लग काढले तर पांढरेफटक. म्हणजे मेस्त्रींच्या गोष्टीतली ती तांब्याची तार सरकारनं न सांगता सगळ्यांच्या जेटमध्ये घातली की! जेट एक नंबर मोठा टाकला, रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, आणि पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी महिनोन् महिने उभी करायची नाही हे ठरवलं, कारण इथेनॉल पाणी धरतं. ऊस उत्पादकांचं आणि तेलाच्या आयातीचं गणित मला मान्य आहे. पण पुन्हा तेच, गाडी बदलायची नाही, हिशेब मात्र चालवणाऱ्याने जुळवायचा.

आता हिला ठेवायची की नाही हा प्रश्न घरात आहे. नोंदणीच्या नूतनीकरणाची फी २०२२ साली पाच हजार झाली आणि २०२५ साली वीस वर्षांपुढच्या मोटारींना दहा हजार. पन्नाशी ओलांडलेली गाडी २०२१च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोज चालवता येत नाही, प्रदर्शनाला वगैरेच. भाजी आणायला नाही. बाबांचं मत होतं की विकून टाकू, "तशीही आता अठरा देत नाही."

गेल्या रविवारी मी त्यांना डायरीचं ते पान दाखवलं आणि आत्यानं सांगितलं ते सगळं सांगितलं. ते बराच वेळ पान बघत बसले. मग म्हणाले, "त्या दिवाळीला घरी आलो तर डावं मडगार्ड नवं होतं. रंग जरा वेगळा होता. मी विचारलं, तर आबा म्हणाले बैल धडकला."

मग चहा झाला. मग ते शेडमध्ये गेले आणि मडगार्डच्या कडेला नखानं खरवडून बघत होते, खाली जुना रंग दिसतोय का. दिसत नाही, मी आधीच बघितलंय. मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर पुन्हा गळतोय, नवा कोल्हापूरहून मागवलाय. तो आला की आम्ही दोघं बसवणार आहोत.